सगळ्या कॉलनीचं दूध नासलं त्याची गोष्ट

साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातली साखर बंद करायची ठरवली, तर त्याला अडवणारा एकही नियम नाही. मी सर्व्हिस रूल काढून वाचलेत. पण नियम नाही म्हणून लोक गप्प बसतील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी कारखान्याच्या कॉलनीत राहिलेला नाहीत.

मी भाऊसाहेब भिंगारदिवे. शेतकी विभागात सीनियर क्लार्क. आमची कॉलनी कारखान्याच्या अगदी पाठीशी. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास उशीपर्यंत येतो आणि दोरीवरच्या पांढऱ्या बनियनवर चिमणीची काजळी बसते. इथली हवासुद्धा गोड. अशा ठिकाणी माझ्या आईला, म्हणजे भागिरथीबाईंना, मधुमेह निघाला याचं नवल नाही. नवल पुढं झालं ते.

खरं तर आम्ही मधुमेहासाठी गेलोच नव्हतो, गेलो होतो डोळ्यांसाठी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दारात वाळत घातलेल्या माझ्या पँटीला तिनं एकदा "या, बसा" म्हटलं होतं, तेव्हा आम्ही हसलो. पण मग तिनं भाकरी उलटायला हात घातला आणि बोटं तव्यावर टेकवली, तेव्हा हसू गेलं. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि कागद बाजूला ठेवून म्हणाले, "शुगर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. आणि फार दिवसही घालवू नका. मग डोळ्याची खात्री मी देणार नाही."

"डाक्टर, माझा ल्योक शुगर फॅक्टरीतच हाय," आई अभिमानानं म्हणाली.

"दिसतंय ते," डॉक्टर म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी घरातल्या माणसांना समोर बसवलं. माणसं म्हणजे आई, बायको जयमाला आणि दहावीतली मुलगी प्रज्ञा. मी उभं राहून बोललो. युनियनमध्ये होतो तेव्हापासूनची सवय. म्हणालो, "आजपासून या घरात साखर बंद. एकट्या आईनं बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि आपण गोड प्यायचा, हे समतेच्या तत्त्वात बसत नाही. प्यायचा तर सगळ्यांनी सारखा."

"समता करा की," जयमाला म्हणाली, "पण माझा चहा तेवढा वेगळा ठेवा."

"बाबा, गूळ चालेल का समतेला?" प्रज्ञानं विचारलं.

गुळालाही बंदी घातली. आई काहीच बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. आयुष्यात मी फार माणसांच्या गप्प बसण्याला संमती समजलो आहे, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बिनसाखरेचा चहा झाला. त्याचं वर्णन करत नाही. आम्ही एकमेकांकडं न बघता प्यायलो, एवढंच सांगतो. साडेदहाला मी ऑफिसच्या कँटीनमध्ये नेहमीचा गोड चहा घेतला. समता घरापुरती जाहीर केली होती. कँटीन कारखान्याच्या हद्दीत येतं.

मग आला साखरेचा कोटा. आम्हा कामगारांना दर महिन्याला सवलतीच्या दरात साखर मिळते. आता घरात बंदी असताना साखर आणायची कशाला? म्हणून मी साखर नको असा रीतसर अर्ज लिहिला आणि गोडाऊन कीपर रंगनाथकडं दिला. रंगनाथनं तो दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"साहेब, कमी मिळाली म्हणून अर्ज येतात. ओली मिळाली म्हणून येतात. नको म्हणून आलेला अर्ज मी लावू कुठल्या फायलीला?"

त्यानं मला वेल्फेअर ऑफिसरकडं पाठवलं. वेल्फेअर ऑफिसरांनी दार लावून घेतलं. "भिंगारदिवे, संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर आलीय. आपलाच कर्मचारी आपली साखर खात नाही, हे विरोधी पॅनेलच्या कानावर गेलं तर उद्या सभेत काय बोलतील, कल्पना आहे? साखरेत काय सापडलं तुम्हाला?"

"साहेब, साखरेत काही नाही. आईच्या रक्तात सापडली."

"मग आईच्या नावानं अर्ज करा. पण त्या कर्मचारी नाहीत, तेव्हा त्यांचा अर्ज चालणार नाही." एवढं बोलून त्यांनी प्रश्न निकालात काढला. जाताना, मी नाराज आहे असं समजून, मागच्या महिन्याची राहिलेली साखरही देऊन टाकायला रंगनाथला फोन केला.

तर अशा रीतीनं साखरबंदी केलेल्या घराकडं मी सायकलच्या कॅरिअरला साखरेचं पोतं बांधून निघालो. कॉलनीच्या कोपऱ्यावर शेजारचे आप्पासाहेब उभेच होते. ते उसाच्या वजनकाट्यावर क्लार्क. गाडीतला ऊस त्यांना नुसत्या नजरेनं कळतो, तर पोतं का कळणार नाही?

"साखर बंद केली म्हणे?"

"केली."

"मग हे काय?"

"ही बंद केलेली साखर आहे," मी म्हणालो आणि पायडल जोरात मारलं.

आप्पासाहेब माणूस चांगला, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्या रात्री कारल्याचा रस आला. दुसऱ्या दिवशी भिजवलेली मेथी. मग मिरजगावच्या बाजारातून त्यांनी खास माणूस पाठवून जांभळाच्या बियांची पूड मागवली. त्यांच्यामागून बाकीची कॉलनी आली. कुणी बेलाचा पाला दिला, कुणी कडुनिंबाच्या काड्या, एकानं अनवाणी चालायला सांगितलं, दुसऱ्यानं त्याच रस्त्यावर काचा आहेत म्हणून चालू नका सांगितलं. आई सगळं मुकाट्यानं ऐकायची आणि पेला तोंडाशी आला की म्हणायची, "भाऊ, आदी तू पी. तुझीच समता हाय ना?" त्या महिन्यात कॉलनीतल्या कुठल्याही मधुमेह्यापेक्षा जास्त कारलं मी प्यायलो.

ठरल्या दिवशी मी छाती काढून आईला पुन्हा नगरला नेलं. रक्त तपासलं. शुगर वाढली होती.

डॉक्टरांनी आईकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "काय चाललंय घरात?"

"साहेब, घरात साखरेचा कण नाही," मी म्हणालो. माळ्यावरचं पोतं मला त्या क्षणी आठवलं, पण ते बंद केलेलं होतं.

"मग घराबाहेर बघा. पंधरवड्यानं या. तेव्हाही हेच असेल तर मी ऑपरेशन करणार नाही, स्पष्ट सांगतो."

परतीच्या एसटीत आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. "भाऊ," ती म्हणाली, "हे बैल हायेत का नुसती सावली?" मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हिचे डोळे जाऊ द्यायचे नाहीत.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी आईचा पाठलाग केला. आईला दिसत नव्हतं, तेव्हा लपायची तशी गरज नव्हती. तरी पाठलाग म्हटल्यावर लपलंच पाहिजे म्हणून मी उसाच्या गाड्यांआडून सायकल ढकलत गेलो. एका बैलानं माझ्या शर्टाची बाही चघळायला घेतली. ती सोडवत होतो तेवढ्यात पुढून आईचा आवाज आला, "भाऊ, हापिस लवकर सुटलं का रं?" सायकलचा करकर आवाज ती ओळखते, हे मी विसरलो होतो.

पण तिनं फेरी काही थांबवली नाही. ती घराघरांत गेली, आणि प्रत्येक घरात "या भागिरथीबाई, बसा" म्हणत चहा आला. आमच्या भागात चहात साखर कमी पडली तर त्या घराची अब्रू जाते, आणि साखर कारखान्याच्या कॉलनीत तर कमी पडायला काही कारणच नाही. प्रत्येक कपात चमचा उभा राहील एवढी साखर. शेवटचं घर आप्पासाहेबांचं. तिथं त्यांची म्हातारी आई मनकर्णाबाई आणि माझी आई पार दिवेलागणीपर्यंत बोलत बसायच्या, आणि तिथं चहा दोनदा.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, एवढे चहा?"

"मी मागत न्हाई. त्या देत्यात."

"मग नको म्हणायचं."

"कुनाच्या घरात बसून चहाला न्हाई म्हनू व्हय मी?" आई अशा आवाजात म्हणाली की प्रज्ञानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "ते माझ्याच्यानं व्हनार न्हाई. डोळे गेले तरी चालत्याल."

जयमाला मला आत बोलावून म्हणाली, "अहो, का म्हणून ते तरी विचारा त्यांना. काहीतरी असेल मनात."

पण मी विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो, मी उपाय काढायच्या मनःस्थितीत होतो. पुरुषमाणसाची ही मनःस्थिती फार धोक्याची. रविवारी आई झोपली असताना मी स्वच्छ शर्ट घालून घरोघर गेलो आणि हात जोडून सांगितलं, आईला चहा देऊ नका, तिच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका, राग येईल. काहीतरी निमित्त सांगा.

सगळ्यांनी कबूल केलं. मनकर्णाबाई तेवढ्या भेटल्या नाहीत, त्या लेकीकडं गावी गेल्या होत्या. त्यांच्या वतीनं सून राजेश्वरी म्हणाली, "भाऊजी, काळजीच करू नका." मी शीळ घालत घरी आलो.

सोमवारी सगळ्या कॉलनीचं दूध नासलं.

निमित्त सांगा म्हटलं, पण कुणी काय सांगायचं ते ठरवून द्यायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या घरी दूध नासलं. दुसऱ्या घरी नासलं. राजेश्वरीकडंही नासलं, आणि त्यांच्या घरामागं म्हैस बांधलेली आहे. ती नेमकी त्याच वेळी हंबरली, असं मला नंतर कळलं. मंगळवारी सगळ्यांचं रॉकेल संपलं. एका घरात तर रॉकेल संपलं असं सांगताना मागं स्टोव्ह फरफरत होता. आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, कान शाबूत होते.

बुधवारी आई घराबाहेर पडली नाही. दुपारी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी मनात म्हटलं, छान, शुगर उतरतेय. गुरुवारी ती जेवली नाही. तेव्हा मात्र जयमालानं ताट माझ्यापुढून उचललं आणि म्हणाली, "त्या जेवल्याशिवाय तुम्हीपण जेवायचं नाही. करा समता."

मी आईजवळ जाऊन बसलो. ती भिंतीकडून माझ्याकडं वळली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, खरं सांग. ते नामांतराचं रेडिओवर सांगत्यात, तेच्यावरनं हितं काय भांडान झालं का?"

त्या जानेवारीतच विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. मराठवाड्याकडं वातावरण तापलेलं होतं. पण आमच्या कॉलनीत कुणाचा चढा आवाजही झाला नव्हता.

"नाही आई. का गं?"

"मंग समद्यांनी माझा चहा का बंद केला?"

आईच बोलत राहिली. "लगीन होऊन आले तवा मी पाटलाच्या खळ्यावर जायची. तितं भायरच्या कुडात माझा कप खोवून ठिवलेला असायचा. कान तुटलेला. आपनच काढायचा, आपनच धुवायचा, अन् खाली धरायचा. चहा वरनं वतायचे. किटली कपाला लागू द्यायची न्हाई, म्हनून लई वरनं. निम्मा हातावर पडायचा. मनकर्णाच वतायची. नवी नवरी हुती, सासू शेजारी उभी असायची. ती बी काय करनार? मग हितं कॉलनीत आले, अन् ती शेजारीन निघाली. पयल्याच दिशी तिनं मला हाताला धरून आत चुलीपशी नेलं, अन् तिच्या सवताच्या कपात चहा दिला. काय बोलली न्हाई. मी बी न्हाई बोलले. तवापासनं कुनी घरात बसवून चहा दिला, तर मी न्हाई म्हनत न्हाई. अन् आता समद्यांनी संगंच बंद केला. दूध नासलं म्हनत्यात. पयलं बी असंच कायतरी म्हनायचे."

आयुष्यात मी बराच मूर्खपणा केला आहे, पण स्वतःच्या आईला पुन्हा त्या कुडाबाहेर नेऊन उभं करण्याचं काम मी इतक्या स्वच्छ शर्टात केलं होतं, याची मला भयंकर लाज वाटली.

"आई," मी म्हणालो, "ते मीच सांगितलं सगळ्यांना. तुझ्या डोळ्यांसाठी. घरोघर जाऊन हात जोडले."

आई उठून बसली. "तू?"

"मी."

"मुडद्या!" आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला कुणी शिवी देऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. "चार दिस झाले माझ्या जिवाची नुसती घालमेल चाललीया, अन् तू? शीळ घालीत फिरत हुतास! ऊठ. चप्पल घाल."

"कुठं?"

"ज्या तोंडानं बंद केलास त्याच तोंडानं चालू करायचा. चल."

पहिलं घर आप्पासाहेबांचं. मनकर्णाबाई सकाळीच गावाहून आल्या होत्या आणि सुनेची हजेरी घेत होत्या. "भागिरथीला दूध नासलं म्हनून सांगितलंस? दारात म्हैस असून? तिला काय वाटलं आसंल गं? तुला काय ठावं हाय का काय?" आम्हाला बघून त्या गप्प झाल्या. आप्पासाहेब खाटेवरून उठले आणि का उठलो ते न कळून पुन्हा बसले.

आई तिच्या नेहमीच्या जागी, आत जुन्या चुलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. "मनकर्णे, चहा ठिव. माझ्यात साखर टाकू नको."

"बिनसाखरेचा?" मनकर्णाबाई कळवळल्या. "माझ्या घरात? पाव्हन्याला कुनी असला चहा देतं का? नाक कापायला आलीस का माझं?"

"पाव्हनी कवापासनं झाले मी?" आई म्हणाली. "पाव्हन्यांची सरबराई कर. मला घरच्यावानी दे."

मनकर्णाबाईंचा हात साखरेच्या डब्यावर होता, तो तसाच राहिला. त्यांनी पदरानं डोळे टिपले, धूर झाला म्हणाल्या. धूर नव्हता, गॅस होता. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मग मी बी तसलाच पिते." पहिल्या घोटाला त्यांनी जे तोंड केलं, ते बघून राजेश्वरी आत पळाली. "भागिरथे, ह्याच्यापरीस आप्पाचं कारलं बरं गं."

"अन् ह्याला," आईनं माझ्याकडं बोट दाखवलं, "ह्याला दोन चमचे जास्त टाका. लई गोड बोलतो घरोघरी जाऊन."

प्रत्येक घरी हेच झालं. आईला बिनसाखरेचा, मला जादा साखरेचा, आणि आईच्या देखत संपवायचा. तिला दिसत नव्हतं, म्हणून ती कप हातात घेऊन, बोट घालून तळ तपासायची. शेवटच्या घरातून बाहेर पडताना माझ्या पोटात चहा हिंदकळत होता आणि आपण आता जन्मात साखर खाणार नाही, अशी माझी मनापासूनची प्रतिज्ञा झाली होती. घरी आल्यावर आई पोटभर जेवली. ताटात दुसरी भाकरी तिनं मागून घेतली.

मग कॉलनीतल्या दुपारच्या चहाचा रिवाजच बदलला. भागिरथीबाई यायच्या वेळी चहा उतरायचा, त्यांचा कप आधी भरायचा आणि मग पातेल्यात साखर पडायची. काही बायका तिच्यासाठी म्हणून बिनसाखरेचा प्यायला लागल्या आणि नंतर सवयीनं पीत राहिल्या. वेल्फेअर ऑफिसरांनी मला पुन्हा बोलावून विचारलं की कॉलनीतल्या साखरेचा उठाव कमी का झाला. मी म्हणालो, साहेब, तपास करतो.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "आता कसं जमलं?"

"उपाय मीच काढला," मी म्हणालो. आईनं मला कोपरानं ढोसलं.

ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी मनकर्णाबाई थर्मास घेऊन पहाटेच्या एसटीनं नगरला आल्या. आप्पासाहेब त्यांना सोडायला आले होते आणि ऑपरेशननंतर काय खावं ते वॉर्डातल्या इतर पेशंटांना सांगत होते. डॉक्टरांनी पट्टी काढली. आईनं डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मी पुढं वाकून उभा होतो. तिनं मला हातानं बाजूला सारलं आणि माझ्या मागं बघितलं.

"अगं मनकर्णे," ती म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस!"

"तुझा तसला चहा पिऊन पिऊन झाले," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. त्यांनी थर्मास उघडला आणि मग आठवलं, कप आणायचा राहून गेला. मी म्हणालो, खालच्या हॉटेलातून दोन ग्लास आणतो.

"कशाला?" त्या म्हणाल्या, आणि थर्मासचं टोपण भरून, दोन्ही हातांनी धरून, त्यांनी आईच्या हातात दिलं.

आईनं अर्धा चहा सावकाश प्यायला. मी टोपण विसळायला पाणी शोधत होतो. मनकर्णाबाईंनी ते तसंच तिच्या हातातून घेतलं, ओठाला लावलं आणि उरलेला पिऊन टाकला.

"कडूझार झालाय," त्या म्हणाल्या, "अजून घेतीस का?"